पूर्वी जिथे गिरणी होती

४ मार्च

चि. टिंबू,

अनेक आशीर्वाद. नको असतील तरी ठेवून घे. एकतीस वर्षं टपाल वाटलं आहे मी, आशीर्वाद परत पाठवायची सोय कुठल्याच कचेरीत नाही.

इकडे आम्ही दोघं मजेत. तुझे काका रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवून माझ्यापुढे टाकतात आणि सगळं आपणच सोडवल्यासारखं तोंड करून घरभर फिरतात. बाल्कनीतल्या कुंड्या बऱ्या आहेत. लिफ्ट पुन्हा बंद आहे. आणि हो, माझं डावं मनगट मोडलं होतं, ताईने तुला सांगितलं असेलच. गच्चीवरून वाळलेले कपडे पोटाशी धरून उतरत होते, शेवटची पायरी दिसली नाही. लोकांचे हजारो जिने चढले-उतरले, कधी पाय घसरला नाही, आणि घरच्या पायरीने दगा दिला. प्लास्टर मागच्या सोमवारी निघालं. आतून जो हात बाहेर आला तो माझा आहे हे मला पटायला दोन दिवस लागले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. चौदा महिने झाले. विचारणाऱ्यांना मी सांगते, त्याला कामाचा व्याप आहे. त्या दिवशी आमच्याकडे सगळे जेवायला जमले होते तेव्हा काका तुला जे म्हणाले, ‘आता ते ढिशूम-ढिशूम पुरे कर आणि नीट नोकरी बघ,’ ते तू मनाला लावून घेतलंस असं मला राहून राहून वाटतं. अरे, ते काहीही बोलतात. लग्नाआधी मलाही विचारलं होतं, ‘ही पायी फिरायची नोकरी किती दिवस करणार?’ ते माझ्या आधी निवृत्त झाले.

पण खरी बातमी वेगळीच आहे. तू केलेला तो टीव्हीवरचा खेळ मी पुन्हा लावला.

झालं असं, की माझ्या हाताचा व्यायाम घ्यायला आठवड्यातून तीनदा एक फिजिओबाई येतात. बाई हुशार, पण दयामाया नाही. ‘अंगठा गोल फिरवा, तीस वेळा. आता उलटा, तीस वेळा. तोंड वाकडं करू नका, तोंडाला काही झालेलं नाही.’ तिसऱ्या दिवशी मी इतकी कंटाळले की त्यांनी दिलेला रबरी चेंडू मुद्दाम सोफ्याखाली जाऊ दिला. तो शोधायला वाकले तर टीव्हीखालच्या कप्प्यात तू दिलेला काळा डबा दिसला, शेजारी तुझा खेळ आणि वर तो रिमोट. ‘कंट्रोलर म्हण गं मावशी’ असं तू शंभरदा सांगितलं आहेस, पण मी रिमोटच म्हणणार. त्याच्या डाव्या अंगठ्याखाली ती छोटी दांडी असते ना, सगळीकडे फिरणारी. मी बाईंना विचारलं, चेंडूऐवजी हे चालेल का? त्या म्हणाल्या, ‘अंगठ्याला काय कळतंय? तो फिरल्याशी मतलब.’

मग काय. खोक्यावरचं प्लास्टिक एका हाताने फाडताना नाकी नऊ आले, शेवटी दातांनी फाडलं. काका वायरी जोडायला बसले आणि पाऊण तास वायरींशी भांडून उठले. एकदाची ‘काळी कमान’ पडद्यावर आली.

टिंबू, मी पहिल्या पुलावर एक्केचाळीस वेळा मेले.

मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. पहारेकऱ्यांनी शहर ताब्यात घेतलं आहे. शहराची मोठी घंटा फोडून तिचे एकोणीस तुकडे त्यांनी ठिकठिकाणी लपवलेत. घंटा ओतणाऱ्याची मुलगी हातात लांब दांडकं घेऊन ते शोधायला निघते, आणि ती मुलगी म्हणजे मी. मला चालता येतं, पळता येतं, भिंतीवर चढता येतं, पण मारामारी सुरू झाली की मी घाबरून सगळी बटणं एकदम दाबते आणि ती पोर जागच्या जागी उड्या मारत राहते. पहारेकरीही हसत असतील. एक्केचाळिसाव्या वेळी फिजिओबाईंना राहवलं नाही. ‘द्या इकडे,’ म्हणाल्या, आणि माझ्या व्यायामाची शेवटची दहा मिनिटं वापरून त्यांनी तो पूल पार करून दिला. आता तसंच ठरलं आहे. चालायचं मी, मारायचं त्यांनी.

मी सांगते ते चेष्टेचं नाही. मजा येते आहे. दुपारी जेवण झालं की मी बसते आणि वर बघते तर चहाची वेळ टळून गेलेली असते.

ताईकडून कळलं की तुझ्यासोबत त्या खेळातली घरं काढणारी ती चित्रकार मैत्रीण पुन्हा एक नवा खेळ सुरू करते आहे. चार-पाचच माणसं, छोटी खोली. तिने तुला बोलावलं आहे आणि महिनाअखेर उत्तर मागितलं आहे. ताई म्हणते, तू नाही म्हणणार. पार्किंगच्या पावत्या छापणाऱ्या यंत्राच्या कंपनीत काम बरं चाललं आहे म्हणे. बरं असेल. मी कोण सांगणार? पण एवढ्यात नाही म्हणू नकोस, इतकंच.

हात दुखायला लागला. दुखतो तो डावा, पण लिहिताना कागद तोच धरतो.

तुझी,
पुलापलीकडे पोचलेली मावशी


१५ मार्च

चि. टिंबू,

आशीर्वाद, आधीचे शिल्लक असतील तर त्यांत मिळव.

पत्राचं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते. (बघत होते. काका म्हणाले, ‘पेटी दिवसातून चारदा उघडून पत्र येत नसतं, तुला तरी हे सांगायला नको.’)

आज फक्त तुझ्या खेळाबद्दल लिहिणार आहे, तेव्हा बस.

फिजिओबाईंकडून मला कळलं की बाकीच्या खेळांत पडद्यावर एक बाण असतो. इकडे जा, तिकडे जा. माणूस बाणामागून चालतो आणि पोचतो. तुझ्या खेळात बाण नाही. नकाशा आहे तोही अर्धा फाटलेला. रस्ता माणसांना विचारावा लागतो. आणि माणसं जे सांगतात ते ऐकून मी पहिल्यांदा रिमोट मांडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिले.

भट्टीवाला सांगतो, ‘भाजल्याचा वास येईल, तो संपला की उजवीकडे.’ कुबडी घेतलेला तो शिंपी एकही पायरी नसलेला रस्ता सांगतो, लांबचा पण सपाट. शाळेतली पोरं भिंतीवरून जायला सांगतात, कारण ती स्वतः तशीच जातात. वरच्या गल्लीतली बाई म्हणते, ‘जिथे निळ्या चादरी वाळत असतील त्या गच्चीखालून वळा.’ मी गेले, पण वाटेत एका छपरावर चढायच्या नादात खेळातली संध्याकाळ झाली, आणि चादरी कुणीतरी आत घेतल्या होत्या! अर्धा तास त्या गल्लीत फिरत होते. काका म्हणाले, ‘बिघडला वाटतं खेळ.’ मी म्हटलं, बिघडला नाही, संध्याकाळ झाली.

आणि ती म्हातारी. विहिरीजवळ बसलेली. तिला घंटेचा सातवा तुकडा कुठे असेल विचारलं तर म्हणते, ‘पूर्वी जिथे गिरणी होती तिथून खाली उतर.’ आता गिरणी आज नाही! मला दहा जणांना विचारत फिरावं लागलं की बाबांनो, पूर्वी गिरणी कुठे होती? एकाने सांगितलं जळली, एकाने सांगितलं ती गिरणी नव्हतीच, तेलाचा घाणा होता. शेवटी एका अंगणात फुलझाडांच्या वाफ्याला टेकवून ठेवलेलं दगडी जातं दिसलं, तेव्हा कळलं, इथे. टिंबू, मी उठून उभी राहिले. एवढा आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

तू माझ्याबरोबर पाच आठवडे टपाल वाटायच्या माझ्या बीटवर फिरलास ते मला आठवतं. खांद्याला पिशवी, हातात वही, आणि प्रत्येकाला रस्ता विचारायचास, तोही आपण ज्या दारात उभे आहोत त्याच दाराचा. लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, ‘भाचा बरा आहे ना?’ मी सांगायचे, कॉलेजचं काहीतरी आहे. लाज वाटायची मला थोडी. तू तिथे काय गोळा करत होतास ते आता दिसतं आहे. लोक आपल्या पायांनी, आपल्या नाकाने, आपल्या आठवणीने रस्ता सांगतात, हे मला एकतीस वर्षं माहीत होतं, पण ते एवढं मोलाचं आहे हे मला कधी सुचलं नाही.

दारांचंही तसंच. दार वाजवलं की लगेच उघडत नाही. आत खोकला ऐकू येतो, चपला शोधल्याचा आवाज येतो. मी पहिल्यांदा कंटाळून वळले आणि चार पावलं गेल्यावर मागे कडी निघाली. किती खरं आहे हे! कुत्र्यांचंही. समोरून गेलं की भुंकणार, अंग तिरकं करून उभं राहिलं की तिसऱ्या फेरीत शेपूट हलवणार. हे मीच तुला शिकवलं होतं, खाटकाच्या दुकानामागच्या त्या पिवळ्या कुत्र्यापाशी. आणि जिना चढून आल्यावर तुझी ती मुलगी धापा टाकते आणि तिचं दांडकं हलकं पडतं, म्हणून मी आता वर गेले की आधी कट्ट्यावर टेकते. फिजिओबाई म्हणतात, खेळातली ही एक गोष्ट खरं तर त्यांनीच मला शिकवायला हवी होती.

फिजिओबाईंनाही एक गोष्ट फार आवडली आहे. एका पहारेकऱ्याला पाडलं की त्याचा जोडीदार लढायचं सोडून त्याला हाक मारत धावत येतो. त्या परवा मारता मारता थांबल्या. म्हणाल्या, ‘हे बरं नाही, मग हात उचलवत नाही.’ पुढच्या वेळी त्यांनी मला सांगितलं, शक्य असेल तिथे मागच्या गल्लीने जा. एवढ्या कडक बाईला तुझ्या खेळाने मागच्या गल्लीने जायला लावलं.

काकांना मी त्यांच्या फोनवर तेव्हाचे अभिप्राय शोधायला सांगितले. एका शहाण्याने लिहिलं आहे, ‘या खेळातली पात्रं चुकीचा रस्ता सांगतात. इतकी ढोबळ चूक कुणाच्याच कशी लक्षात आली नाही?’ त्याला मला एक दिवस माझ्या बीटवर न्यायचं आहे. मी तुला सांगितलं होतं ना, रस्ता सांगणारी माणसं तीन तऱ्हेची. एक, ज्यांना माहीत असतं आणि सांगतात. दोन, ज्यांना माहीत नसतं आणि तसं सांगतात. आणि तीन, ज्यांना ठाऊक नसतं पण नाही म्हणवत नाही, मग ठासून कुठेतरी धाडतात. तू तिन्ही ठेवलीस. तिसऱ्याला ओळखायची खूणही ठेवलीस, तो सांगताना हात आधी करतो आणि तोंड नंतर उघडतो. त्या अभिप्रायवाल्याने हातांकडे बघितलंच नाही. त्याच आठवड्यात तो दुसरा मोठा खेळ आला म्हणे, सगळे तिकडे धावले, आणि तुझा राहिला धूळ खात. मला राग आला. अजून आहे.

एक कबुली देते. मी स्वतःला शोधलं. मला वाटलं, एवढे पाच आठवडे फिरवलं, कुठल्यातरी गल्लीत पिशवीवाली एक बाई नक्की ठेवली असेल. तीन दिवस शोधलं. नाही. आधी थोडं लागलं, मग बरं वाटलं. तू माझी बाहुली केली नाहीस, माझं काम घेतलंस.

अकरा तुकडे झाले. बाकी सगळं ठीक. जाता जाता एक, तो समुद्र कुठल्या बाजूला आहे रे? मला आता नीट आठवत नाही.

तुझी,
मावशी


२६ मार्च, गुरुवार

टिंबू,

आज सरळ मुद्द्यावर येते, नाहीतर पुन्हा कुंड्यांवर जाईन.

ताई रविवारी तुझ्याकडे येऊन गेली. माझी दोन्ही पत्रं तुझ्या टेबलावर होती, फोडलेली, असं तिने सांगितलं. म्हणजे तू वाचतोस. मग पहिल्या पत्रात मी ‘पुन्हा लावला’ असं लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात खोक्यावरचं प्लास्टिक दातांनी फाडल्याचंही लिहिलं, हे तुझ्या लक्षात आलं असणार. माझ्या लक्षात काल आलं. खोटं बोलायला लागणारी हुशारीसुद्धा माझ्याकडे नाही.

तुझा खेळ मी याआधी कधीच खेळले नव्हते. खोकं उघडलंही नव्हतं. तू डबा आणून, टीव्हीखाली मांडून, कुठलं बटण कशाचं ते कागदावर लिहून देऊन गेलास. तो कागद मी वाणसामानाच्या यादीला वापरला.

मग तो दिवस. सगळे जेवायला बसले होते. कुणीतरी मला विचारलं, ‘भाच्याचा खेळ बघितला का?’ तू माझ्या समोर होतास. मान खाली होती पण कान माझ्याकडे होते, तुझी सवय मला ठाऊक आहे. मी म्हटलं, ‘बघितला म्हणजे काय! पूर्ण खेळले. समुद्रकिनारा तर इतका सुरेख केलाय की मी नुसती बघत बसले.’ खोक्यावर ते चित्र आहे ना, कमान आणि खाली निळं-निळं. मला वाटलं, समुद्र.

तू मान वर केलीस. मग म्हणालास, ‘हो, त्या पाण्यावर बरेच महिने गेले आमचे.’ आणि काकांना भाताचं भांडं दिलंस.

पंधरा तारखेचं पत्र टाकल्यावर मी समुद्र शोधायला निघाले. का, ते सांगते. मला वाटलं, आता बघून घेतला की झालेलं खोटं खरं होईल. तेव्हा नाही, पण आता तरी. तुला कळायचंही नाही. उत्तरेला गेले, तिथे बर्फाचा डोंगर आणि त्यापुढे भिंतीसारखा कडा. पूर्वेला जंगल, इतकं दाट की वाट संपते. दक्षिणेला दगडाच्या खाणी. प्रत्येक गावात लोकांना रस्ता विचारायचा तर पडद्यावर ठिकाणांची यादी येते, तिच्यात विहीर आहे, तळं आहे, ओढा आहे, समुद्र नाही. फिजिओबाईंनी दोन दिवस माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली, एकही प्रश्न न विचारता. शेवटी पश्चिमेला काळ्या कमानीखाली जाऊन उभी राहिले. तिथे एक दगडी कट्टा आहे. खाली सगळं निळं. ते धुकं आहे, टिंबू. दरीतलं धुकं. दुपारी ते विरतं आणि खाली शेतं दिसतात.

तुझ्या खेळात समुद्र नाहीच.

मी रिमोट खाली ठेवला. काका शब्दकोड्यातून डोकं वर काढून म्हणाले, ‘काय झालं, मेलीस का पुन्हा?’ चौदा महिने मी समजत होते की तू काकांवर रागावला आहेस. सगळ्यांना तेच सांगत होते. काकांना दोनदा मी तुझी माफी मागायला लावली, फोनवर, तू उचलत नव्हतास म्हणून आवाज रेकॉर्ड करून. बिचारे निमूट बोलले. आणि तू त्या दिवशी सगळ्यांसमोर माझी लाज राखलीस. नसलेल्या समुद्रावर महिने घालवल्याचं तू सांगितलंस, का तर मावशी खोटी पडू नये. मी तिसऱ्या तऱ्हेची निघाले. आधी हात केला आणि मग तोंड उघडलं.

असं का केलं, तेही लिहिते, नाहीतर हे पत्रही अर्धं राहील. वेळ नव्हता असं नाही. मी निवृत्त झालेली, वेळ तेवढा होता. मला वाटलं, खेळ तो खेळ. पोरांची करमणूक. त्यात बघण्यासारखं काय असणार? मुलगा गुणी आहे, कौतुक केलं की झालं, कौतुकाला काय लागतं? तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले असं मी स्वतःला सांगत होते, तेही खोटं. मला तुझं काम बघायचा कंटाळा होता. पाच वर्षं राबलास त्यावर आणि मला एक दुपार द्यावीशी वाटली नाही.

तू आता त्या मैत्रिणीला कुठल्या कारणाने नाही म्हणतोयस ते ताईने मला सांगितलं. आधी सांगत नव्हती, मीच खोदून खोदून काढलं. तू म्हणालास म्हणे, ‘जगाचं जाऊ दे आई, पण जिच्याबरोबर फिरून मी ते केलं तिनेसुद्धा ते उघडून बघितलं नाही. मग मी कुणासाठी करतो?’ ताईला वाटलं, मला वाईट वाटेल म्हणून लपवावं. वाटलंच. वाटायलाच हवं होतं.

आता ऐक. मी तुला हो म्हण असं सांगणार नाही. तो हक्क मी गमावला आहे. पावत्यांच्या यंत्रातच तुझं मन रमत असेल तर खुशाल तिथे राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण जे कारण तू दिलंस ते आता खरं राहिलेलं नाही. काल दुपारी एकोणिसावा तुकडा सापडला. तो त्या कुबडीवाल्या शिंप्याच्या दुकानात, इस्त्रीखालच्या तिवईत होता, मी त्याच्यासमोरून तीसेक वेळा गेले असेन. शेवटची मारामारी फिजिओबाईंना मी करू दिली नाही. मीच केली. सोळा वेळा मेले. सतराव्यांदा, पहारेकऱ्यांचा नायक पडला तेव्हा कुणीच त्याला हाक मारत धावत आलं नाही, आणि मी जिंकले असूनही मला त्याची दया आली. असं करायचं कुणाला सुचतं? तुला सुचलं. मग घंटा ओतली गेली आणि वाजली, आणि सगळ्या गल्ल्यांतली दारं एकामागून एक उघडली. भट्टीवाला, ती पोरं, विहिरीवरची म्हातारी, सगळी आपापल्या उंबऱ्यात आली. मी रडले. काकाही चष्मा पुसत होते, पण विचारलंस तर नाही म्हणतील.

जग चुकलं, टिंबू. अभिप्राय लिहिणारे घाईत होते. ज्यांनी घेतला नाही त्यांचा तोटा झाला. हे मी तुझी मावशी म्हणून सांगत नाही, मावशी म्हणून मी काय केलं ते वर लिहिलं आहे. आयुष्यभर गल्ल्यांत फिरलेली बाई म्हणून सांगते. इतकं नीट बघितलेलं शहर मी दुसरं पाहिलं नाही, आणि मी एका खऱ्या शहरात एकतीस वर्षं चालले आहे.

माझ्या बीटवर साडेचारशे दारं होती. पाऊस असो, ताप असो, कुत्रा असो, एकही दार मी कधी चुकवलं नाही, हे मी सगळ्यांना मिरवून सांगत आले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीही भाषणात तेच सांगितलं, तू टाळ्या वाजवत होतास. तुझं दार चुकवलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. परवा शनिवारी सकाळी दहाला दोन बस बदलून मी स्वतः घेऊन येते. पत्ता ताईकडून घेतला आहे, रस्ता कुणालाही विचारीन. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत तिथेच उभी राहीन. आत बोलवायची सक्ती नाही.

पहिल्यांदाच तुझ्या दाराशी येणारी,
मावशी